नर्सिंगची थिअरी वॉर्डात नेमकी कुठे लागते?

प्रश्न असा आला आहे: "मॅडम, मी बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ओरेम, पेप्लाऊ, हेंडरसन, रॉय या नर्सिंगच्या थिअरी मांडणाऱ्यांची नावं आणि सालं पाठ करून पेपर दिले. पण मेडिसिन वॉर्डात ४० पेशंट आणि २ सिस्टर असतात, तिथे यांचं नाव कुणी काढत नाही. सिनिअर सिस्टर म्हणतात, 'थिअरी कॉलेजात ठेव, इथे हात चालव.' मग ज्ञान आणि थिअरी हा नर्सिंगचा पाया आहे असं का शिकवतात? शिवाय माझा केअर प्लॅन अर्धांगाच्या पेशंटवर आहे. काका ६२ वर्षांचे आहेत, उजवी बाजू गेली आहे, बोलणं अस्पष्ट आहे. त्यांना कोणती थिअरी लावू?"

तुझ्या सिनिअर सिस्टर जे म्हणाल्या तेच मला माझ्या पहिल्या पोस्टिंगमध्ये ऐकायला मिळालं होतं, आणि खरं सांगते, तेव्हा मला ते पटलंही होतं. मी २९ वर्षं हे काम केलं. पहिली ११ वर्षं मेडिसिन वॉर्डात, मग अतिदक्षता विभागात, आणि आता शिकवते. माझं मत एका टीपीआर चार्टमुळे, म्हणजे ताप-नाडी-श्वासाच्या नोंदींच्या कागदामुळे, बदललं.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं, नाईट ड्यूटी. ताप आणि पोटदुखी म्हणून दाखल झालेला तिशीतला माणूस. रात्री दहाला मी ताप पाहिला, नाडी पाहिली, बीपी घेतलं. श्वास मोजला नाही. चार्टवर २० लिहिलं, कारण वरच्या सगळ्या रकान्यांत २०च होतं. बीपी ११०/७०, म्हणून मी निर्धास्त. त्याची बायको रात्रीतून दोनदा टेबलापाशी येऊन सांगून गेली, "सिस्टर, यांना धाप लागल्यासारखी वाटतेय." दोन्ही वेळा मी पाठीशी उशी दिली आणि पुढच्या पेशंटकडे गेले. पहाटे चारला बीपी घसरलं, हातपाय गार पडले, आणि त्याला धावतपळत अतिदक्षता विभागात न्यावं लागलं. तो वाचला. पण माझ्या हातचे ते तीन-चार तास वाया गेले होते, हे मला नंतर केस पेपर पुन्हा वाचताना कळलं.

शरीरात जंतुसंसर्ग पसरला की पेशींना ऑक्सिजन कमी पडतो आणि रक्तात आम्ल साठायला लागतं. ते कमी करायचा शरीराजवळचा सगळ्यात झटपट मार्ग म्हणजे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणं, म्हणून श्वास वाढतो. त्याच वेळी हृदय जोरात चालतं, आणि बीपी तग धरून राहतं. बीपी घसरतं तोवर शरीराचे हे सगळे उपाय करून झालेले असतात. श्वास मात्र कितीतरी आधीपासून सांगत असतो.

हे मी फिजिऑलॉजीत शिकले होते. आम्ल-अल्कलीच्या समतोलावरच्या प्रश्नाला मला चांगले मार्कही होते. पण ते ज्ञान वहीत होतं आणि चार्टवरचा श्वासाचा रकाना वॉर्डात होता. दोघांना बांधणारा धागा माझ्याकडे नव्हता. त्या धाग्याला मी थिअरी म्हणते. कुठली गोष्ट बघायची, ती का बघायची, आणि दिसली तर तिचा अर्थ काय लावायचा, हे ती ठरवते. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये पेशंटची तब्येत बिघडतेय का हे ओळखायची 'न्यूज' नावाची गुणपद्धत आणली, २०१७ मध्ये ती सुधारली. तिच्यात श्वास मिनिटाला २५ किंवा त्याहून जास्त असेल तर त्या एका आकड्यालाच ३ गुण आहेत, आणि कुठल्याही एका रकान्यात ३ आले की पेशंटला बघायला डॉक्टरांना तातडीने बोलवायचं. चार्टचा कागद तोच राहतो, पण हा अर्थ माहीत असलेली सिस्टर घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. मनगट हातात धरून, नाडी मोजतेय असं पेशंटला वाटू देऊन, कारण श्वास मोजताहेत हे कळलं की माणूस आपोआप वेगळा श्वास घेतो.

म्हणून पहिली गोष्ट ही की थिअरी म्हणजे फक्त त्या आठ-दहा जणींची नावं, ही समजूत आधी काढून टाक. परीक्षेने ती आपल्या डोक्यात बसवली आहे आणि त्यात शिकवणाऱ्यांचाही दोष आहे. फिजिऑलॉजी, जंतुशास्त्र, मानसशास्त्र यांतून घेतलेलं आणि नर्सिंगने स्वतः उभं केलेलं, दोन्ही मिळून तो पाया होतो. चरकसंहितेत परिचारकाचे चार गुण सांगितले आहेत. त्यात दक्षता, रुग्णाबद्दल प्रेम आणि शुचिता यांच्याही आधी 'उपचारज्ञता' येते, म्हणजे शुश्रूषेचं ज्ञान. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो.

आता 'हात चालव' याबद्दल. मी नोकरीला लागले तेव्हा बॅक केअर म्हणजे स्पिरिट आणि पावडर. झोपून असलेल्या पेशंटला कुशीवर वळवायचं, पाठीला स्पिरिट लावायचं, वर पावडर. माकडहाडावर लाली दिसली की ती जागा जोरात चोळायची, म्हणजे रक्तपुरवठा वाढतो, असं आम्हाला सांगितलेलं. आणि कमरेखाली हवा भरलेली रबरी रिंग. आमचे हात भरपूर चालायचे. मनापासून चालायचे. आणि त्यातल्या निम्म्या गोष्टी पेशंटचं नुकसान करत होत्या.

बेडसोअर, म्हणजे सतत पडून राहून होणारी जखम, का होतो हे नीट समजलं की ते उमगतं. त्वचेतल्या केशवाहिन्यांमधला दाब साधारण ३२ मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस दबलं आणि बाहेरचा दाब त्याच्या वर जाऊन तिथेच राहिला, की त्या जागेचं रक्त थांबतं. हे एक कारण. दुसरं कारण कित्येक वर्षं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पलंगाची डोक्याकडची बाजू उंच केली की पेशंट खाली घसरतो. त्याची कातडी चादरीला चिकटून जागच्या जागी राहते आणि आतलं हाड मात्र सरकतं. मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात, मुडपतात. वरून काही दिसत नाही आणि आत जखम तयार होते. तिसरी गोष्ट ओल. लघवीने, घामाने भिजलेली कातडी मऊ पडते आणि लवकर सोलते.

आता आमचे जुने उपाय यावर ठेवून बघ. स्पिरिट कातडी कोरडी करून तिला भेगा पाडतं. लाल जागेखालच्या वाहिन्या आधीच दुखावलेल्या असतात, त्यांना चोळणं म्हणजे आणखी फाडणं. रिंगच्या कडेवर दाब येतो आणि मधल्या जागेचं रक्त सगळ्या बाजूंनी अडतं. म्हणजे जिथे रक्त पोचवायचं तिथलंच आपण बंद करत होतो. रिंग काढून टाकायला सांगितलं तेव्हा माझ्या वॉर्डात मोठी कुरबुर झाली होती, कारण नातेवाईक स्वतः दुकानातून ती विकत आणायचे आणि ती काढणं म्हणजे सेवा काढून घेणं असं त्यांना वाटायचं. त्यांना मी स्वतःच्या मांडीवर बांगडी दाबून दाखवायची. बांगडीच्या आतली जागा पांढरी पडते ते बघितलं की समजावून सांगायला फार बोलावं लागत नाही.

आणखी एक. पाठ्यपुस्तकात पहिल्या पायरीचा बेडसोअर म्हणजे 'दाबल्यावर न जाणारी लाली' असं लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या सावळ्या, काळ्या त्वचेवर ती लाली अनेकदा दिसतच नाही. तिथे बोटांच्या मागच्या बाजूने स्पर्श करून बघायचं. शेजारच्या कातडीपेक्षा जागा गरम लागते का, टणक किंवा पिचपिचीत लागते का, पेशंट तिथे हात लावल्यावर कण्हतो का. पुस्तकातलं वाक्य पाठ असणं आणि ते वाक्य का लिहिलं आहे हे माहीत असणं यातला फरक इथे पेशंटच्या पाठीवर दिसतो. कारण माहीत असेल तर लाली दिसत नाही तिथे तू दुसरी खूण शोधशील.

४० पेशंटना दर दोन तासांनी कुशी बदलणं दोघींना शक्य नाही, हे मी मान्य करते. इथेच थिअरी सगळ्यात जास्त उपयोगी पडते, कारण ती निवड करायला मदत करते. डोरीन नॉर्टन या इंग्लंडमधल्या परिचारिकेने वृद्ध रुग्णांच्या अभ्यासातून १९६२ मध्ये धोका मोजायची पट्टी दिली. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांची ब्रेडन पट्टी १९८७ मध्ये आली. संवेदना, ओल, हालचाल, स्वतःहून स्थिती बदलण्याची क्षमता, आहार आणि घर्षण अशा सहा बाबी, एकूण गुण ६ ते २३, गुण जितके कमी तितका धोका जास्त. ड्यूटी घेतल्याबरोबर पंधरा-वीस मिनिटांत झोपून असलेल्या पेशंटना ही पट्टी लावली की ४० पैकी सहा-सात नावं समोर येतात. ती सहा-सात माणसं दोन सिस्टर आणि एक मावशी मिळून नक्की सांभाळू शकतात. पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवायला तर एक मिनिट लागतं.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग १९७३ पासून २०१५ पर्यंत, ४२ वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्या स्वतः तिथल्याच परिचारिका. एका पिढीने दुसरीकडे, दुसरीने तिसरीकडे त्यांची सेवा सोपवली, आणि इतक्या वर्षांत त्यांना बेडसोअर होऊ दिला नाही याचा उल्लेख तेव्हा सगळीकडे झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात या परिचारिकांचं भरभरून कौतुक केलं. लोक याला माया म्हणतात, आणि माया होतीच. पण नुसत्या मायेने ४२ वर्षं कातडी शाबूत राहत नाही. दाब, ओल, आहार, स्वच्छता यांचं ज्ञान रोज, तिन्ही पाळ्यांत, न चुकता वापरावं लागतं. आपल्या कामातली माया लोकांना दिसते, ज्ञान दिसत नाही, याची मला खंत आहे. आणि आपणच 'थिअरी कॉलेजात ठेव' म्हणालो तर ते दिसणार तरी कसं?

आता तू ज्यांची नावं घेतलीस त्यांच्याकडे येते. डोरोथी ओरेम यांचं मूळ पुस्तक १९७१ चं. त्यांचा विचार तीन साध्या प्रश्नांत मांडता येतो. या माणसाला जगायला आणि बरं व्हायला स्वतःसाठी काय काय करावं लागतं? त्यातलं तो किती करू शकतो? उरलेली तूट कशाची आहे? मग ती तूट भरायच्या तीन पद्धती: सगळं आपण करायचं, अर्धं त्याने अर्धं आपण, किंवा सगळं त्याने आणि आपण फक्त शिकवायचं, आधार द्यायचा.

कागदावर हे फारच साधं वाटतं. मलाही वाटायचं. मग एक ऊसतोड कामगार बाई आली, पंचेचाळिशीची, वर्षभरात तिसऱ्यांदा दाखल. शुगर ४०० च्या वर. केस पेपरवर आधीच्या दोन्ही वेळी लिहिलेलं, 'औषध नीट घेत नाही.' गंमत वाटावी असं नव्हतं, कोडं होतं: घरी रोज २० युनिट इन्सुलिन घेते म्हणायची, आणि वॉर्डात आम्ही तेच २० युनिट दिले की दुसऱ्या दिवशी शुगर ७० च्या खाली जायची. सगळ्यांचा निष्कर्ष एकच, घरी घेतच नसणार. मीही तसंच धरून चालले होते. पण त्या दिवसांत मी पुढच्या शिक्षणासाठी केस स्टडी लिहीत होते, आणि ओरेमचा रकाना भरायचा म्हणून तिला विचारावं लागलं की तूट नेमकी कशाची, माहितीची, ताकदीची की साधनांची. 'घेता का?' हे विचारून ते कळणार नव्हतं. म्हणून म्हटलं, "ताई, घरी कसं घेता ते मला करून दाखवा." तिने पिशवीतून स्वतःची सिरिंज काढली. टोपी केशरी होती.

तुला माहीत असेल, आपल्याकडे इन्सुलिनच्या बहुतेक बाटल्या मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपीची. केशरी टोपीची सिरिंज १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. १०० च्या सिरिंजवर २० च्या खुणेपर्यंत औषध भरलं तर ते ०.२ मिलिलिटर होतं, आणि ४० च्या बाटलीतलं ०.२ मिलिलिटर म्हणजे फक्त ८ युनिट. ती बाई सकाळच्या थंडीत, फडावर जायच्या आधी, एक दिवसही न चुकता इन्सुलिन घेत होती. आम्ही तिला बेफिकीर ठरवलं होतं. दुकानात लाल टोपीची संपली म्हणून तिला केशरी टोपीची दिली होती, इतकंच घडलं होतं. तिला ते कळणं शक्य नव्हतं. आम्हाला कळायला हवं होतं.

सिरिंज बदलायच्या आधी डॉक्टरांना सांगितलं, कारण योग्य सिरिंजने तेच २० युनिट घरी घेतले असते तर शरीरात एकदम अडीच पट इन्सुलिन गेलं असतं आणि फडावर चक्कर येऊन पडली असती. डोस नव्याने ठरला. दुसरी तूट साधनांची निघाली, कोपीवर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपडीत, फ्रीज नाही. त्यासाठी ओल्या वाळूत ठेवलेलं मातीचं मडकं, आत डब्यात बाटली, सावलीत. कडक उन्हाळ्याच्या भागात हा उपाय चांगला चालतो. लाल टोपी, ४० चा आकडा आणि बाटलीवरचा ४० चा आकडा जुळवून बघायचं तिच्या मुलीला शिकवलं, ती सातवीत होती. ओरेमचा तिसरा मार्ग तो हाच. त्या बाईसमोर मी ओरेमचं नाव घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती. पण तो प्रश्न त्या क्रमाने विचारायची सवय नसती तर मी तिसऱ्यांदाही 'औषध नीट घेत नाही' असंच लिहिलं असतं.

यात एक मर्यादाही सांगते. ओरेमची मांडणी अमेरिकेतली आहे, तिच्या केंद्रस्थानी एकटा माणूस आणि त्याची स्वतःची काळजी. आपल्या वॉर्डात पेशंट एकटा नसतोच. खाटेखाली चटई टाकून कुणीतरी झोपलेलं असतं, तेच भरवतं, तेच पुसतं. त्यामुळे तुटीचा प्रश्न नातेवाइकालाही लावायचा. दुसऱ्याची काळजी घेणाऱ्याची क्षमता हा भाग ओरेमच्या मांडणीत आहे, पण विद्यार्थिनी तो सोडून देतात. आपल्याकडे खरं तर तोच आधी भरायला हवा.

मॅडेलिन लायनिंगर यांची संस्कृतीवरची थिअरी तर बाळंतिणीच्या वॉर्डात मला हातात धरून घेऊन गेली. त्या म्हणतात, लोकांच्या रीतींशी वागायचे तीन मार्ग: जपणं, जुळवून घेणं, बदलायला मदत करणं. मी आधी सगळ्याच आज्यांना रागवायची. मग वाटण्या केल्या. अळीव, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी, माहेरची विश्रांती, हे जपायचं, बाईला पोषण आणि आराम मिळतो. शेक-शेगडी असेल तर धूर बाहेर जायला खिडकी उघडी, निखारे बाळापासून लांब, हे जुळवून घ्यायचं. पहिलं चिकाचं दूध पिळून टाकणं आणि बाळाला मध चाटवणं मात्र बदलायचंच. तेही आजीला गुन्हेगार ठरवून नाही. "गाईच्या चिकाचा खरवस आपण शेजाऱ्यांना वाटतो, मग आपल्या बाळाचा चीक टाकायचा का?" हे वाक्य मला एका आजीनेच दिलं. तेव्हापासून मी ते वापरते आणि तासाभराच्या आत बाळ छातीला लावण्यात मला आज्यांचीच मदत होते.

पेप्लाऊंबद्दल थोडक्यात. त्यांचं पुस्तक १९५२ चं, परिचारिका आणि पेशंट यांच्या नात्यावर. त्यांनी चिंतेच्या पायऱ्या सांगितल्या. चिंता वाढत जाते तसतसं माणसाचं लक्ष आक्रसत जातं, तीव्र चिंतेत लांबलचक सूचना कानातून आत जातच नाहीत. ऑपरेशनच्या आदल्या रात्री दर वीस मिनिटांनी हाक मारणारा पेशंट 'त्रास देणारा' नसतो, घाबरलेला असतो. त्याच्याजवळ दोन मिनिटं बसायचं, छोटी वाक्यं बोलायची, उद्या काय काय होईल, शुद्धीवर आल्यावर कुठे दुखेल, तेव्हा काय करायचं ते सांगायचं. जॅक हेवर्ड यांनी १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये हेच तपासलं होतं. ऑपरेशनच्या आधी नीट माहिती दिलेल्या रुग्णांना नंतर वेदनाशामक कमी लागलं. ती दोन मिनिटं पुढच्या रात्रीच्या दहा हाका वाचवतात.

तुझ्या सिनिअर सिस्टरना मात्र मी कमी लेखणार नाही, तूही लेखू नकोस. त्या पेशंटकडे नुसतं बघून म्हणतात, "हा मला बरा दिसत नाही," आणि बहुतेक वेळा त्यांचं खरं ठरतं. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नवशिकीपासून तज्ज्ञापर्यंतच्या पाच पायऱ्या मांडल्या, त्यातली पाचवी पायरी ती हीच. नवशिकी नियम धरून चालते, तज्ज्ञ बाईला सगळं चित्र एकदम दिसतं. बार्बरा कार्पर यांनी तर १९७८ मध्ये म्हटलं की नर्सिंगमध्ये जाणण्याचे चार प्रकार आहेत: शास्त्रीय ज्ञान, शुश्रूषेची कला, स्वतःची ओळख आणि नीतीचं भान. शास्त्रीय ज्ञान हा त्यातला एकच. म्हणजे तुझ्या सिस्टरना जे येतं तेही ज्ञानच आहे.

अडचण कुठे येते ते सांगते. त्या रात्री दोनला निवासी डॉक्टरांना फोन करून "बरा दिसत नाही" म्हणाल्या तर समोरून "सकाळी बघू" असं उत्तर येऊ शकतं. "दहा वाजता श्वास २० होता, आता २८ आहे, नाडी १२४, हात गार, लघवी चार तासांत नाही," असं म्हणाल्या तर डॉक्टर उठून येतात. आणि पाच वर्षांनी त्या निवृत्त झाल्या की त्यांची नजर त्यांच्याबरोबर घरी जाते, कारण ती शब्दांत कुणी उतरवून घेतली नाही. म्हणून तू त्यांना विचार, "सिस्टर, तुम्हाला नेमकं काय दिसलं?" त्या आधी म्हणतील, "अनुभवाने कळतं गं." पुन्हा विचार. हळूहळू सांगतील: ओठांचा रंग, चादर चाळवणारी बोटं, कालपर्यंत बोलणारा आज भिंतीकडे तोंड करून पडलाय. ते लिहून काढ आणि रात्री पुस्तकात त्याचं कारण शोध. मी असंच शिकले.

४० ला २ हा तुझा मुद्दा उरतो. तो थिअरीने सुटत नाही आणि सुटतो असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नकोस. लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये युरोपातल्या ९ देशांतली ३०० रुग्णालयं तपासली. शस्त्रक्रियेच्या रुग्णांत, प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती. आणि पदवीधर परिचारिकांचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तर ती शक्यता ७ टक्क्यांनी कमी होती. माणसंही हवीत आणि त्या माणसांच्या डोक्यात ज्ञानही हवं, दोन्ही मागण्या आपण एकत्रच करायला हव्यात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियन युद्धातल्या मृत्यूंचे आकडे आकृती काढून सरकारपुढे ठेवले होते. तू आपल्या वॉर्डातले बेडसोअर, पडलेले पेशंट, चुकलेले डोस मोजायला लागलीस तर मनुष्यबळाची मागणी करताना परिसेविकेच्या, म्हणजे वॉर्डप्रमुख सिस्टरच्या, हातात काहीतरी असेल.

आता तुझे काका. ओरेम घे. कारण त्यांची तूट रोज बदलते आहे, आणि ती मोजत जायला ही मांडणी सोयीची आहे. पण 'सेल्फ केअर डेफिसिट', म्हणजे स्वतःच्या काळजीतली तूट, असं एका ओळीत लिहून थांबू नकोस. मैत्रिणीच्या केअर प्लॅनवरून उतरवून तर अजिबात काढू नकोस. तपासणाऱ्याला ते पहिल्याच पानावर कळतं.

गिळण्यापासून सुरुवात कर. बोलणं अस्पष्ट असलेल्या अर्धांगाच्या पेशंटला गिळतानाही त्रास असू शकतो, आणि नातेवाईक प्रेमाने चहा पाजतात. तो चहा फुप्फुसात जातो. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने काही नाही, हे तू स्वतः बघ आणि काकूंना कारणासह सांग. इथे सगळं आपण करायचं, ही पहिली पद्धत. कुशी बदलणं, अंघोळ, कपडे यांत दुसरी: डावा हात चांगला आहे, तर तोंड त्यांनाच पुसू दे, वेळ लागला तरी. सदरा घालताना आधी लुळा हात, काढताना आधी चांगला हात. उजव्या हाताला धरून त्यांना कधीच ओढायचं नाही, खांदा निखळतो, आणि हे वॉर्डातल्या मामांनाही सांग. बसवल्यावर तो हात उशीवर टेकलेला हवा. तिसरी पद्धत काकूंसाठी: घरी जाण्याआधी त्यांनी तुझ्यासमोर काकांना वळवून दाखवायचं, भरवून दाखवायचं. 'समजावून सांगितले' असं लिहू नकोस, 'करून दाखवले' असं लिहिता येईल तेव्हाच लिही.

आणि ब्रेडनचा आकडा पहिल्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, असा तारखेसकट मांड.

एक जागा ओरेममध्ये अपुरी पडेल. काका कुटुंबाचे कमावते असतील, किंवा गावात चार लोक ज्यांना विचारून कामं करतात असे असतील, आणि आता त्यांना स्वतःचं नावही नीट उच्चारता येत नाही. त्यासाठी कॅलिस्टा रॉय यांच्या चार बाजूंतल्या दोन उसन्या घे, माणसाची स्वतःविषयीची प्रतिमा आणि त्याची भूमिका. दोन थिअरी एका केअर प्लॅनमध्ये चालतात, फक्त कुठली कशासाठी घेतली हे एका वाक्यात लिही. प्रत्यक्षात याचा अर्थ इतकाच की त्यांच्या डोक्यावरून काकूंशी बोलू नकोस. प्रश्न त्यांना विचार, हो-नाहीत उत्तर देता येईल असा, आणि उत्तरासाठी थांब. पहिल्यांदा थांबशील तेव्हा ते थांबणं फार लांब वाटेल. मनात दहापर्यंत मोज.